जहाज पहाटे पाचला, गाडी साडेनऊला: चिविताव्हेक्किया ते फ्लोरेन्स, एक प्रकरण

फेब्रुवारी २०२४ मध्ये दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "झालं बुकिंग. स्वस्तात मिळालं." रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून फ्लोरेन्स, फ्रेच्चारोसा ही जलद गाडी, पाच तिकिटं, माणशी एकवीस युरो. मे महिन्यातल्या एका रविवारची सकाळी साडेनऊच्या सुमाराची गाडी होती. त्याच रविवारी पहाटे पाचला त्यांचं क्रूझचं जहाज 'रोम'ला लागणार होतं. हातात साडेचार तास, आणि दादाच्या मते तेही जरा जास्तच.

मंडळी पाच. आतोबा शहात्तर वर्षांचे, आत्या एकाहत्तरची आणि उजवा गुडघा बदललेली, दादा, वहिनी आणि सहावीत जाणारा भाचा. मोठ्या बॅगा पाच, पाठीवरच्या तीन, शिवाय आत्याची खाऊची पिशवी, जी कुठल्याच हिशेबात धरलेली नसते. जहाज बार्सेलोनाहून निघून मार्से, जिनोआ, लिव्होर्नो करत शेवटी रोमला. पुढे फ्लोरेन्सला दोन रात्री, मंगळवारी सकाळी व्हेनिस आणि तिथून घरी.

त्या जहाजाच्या बंदरामार्गे, म्हणजे चिविताव्हेक्कियामार्गे (थोडक्यात चिविता), मी स्वतः एकदा गेले आहे. तिथे जे कळलं त्याच्या जोरावर घरातल्या लोकांच्या प्रवासात मी नाक खुपसते. दादाला फोन करून म्हटलं, "ही गाडी तुम्हाला मिळत नाही."

"का? जहाज पाचला येतंय की!"

'रोम' म्हणजे कुठे

जहाजाच्या वेळापत्रकात मोठ्या अक्षरात रोम लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात चिविताव्हेक्किया. हे बंदर रोमच्या वायव्येला, रेल्वेने सुमारे ८० किलोमीटरवर. आसनगावला उतरवून 'मुंबई आली' म्हणावं, त्यातला प्रकार. अर्थात रोमन लोकांनाही हे अंतर चुकलेलं नाही. सम्राट ट्राजानने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इथे बंदर बांधलं, ते रोमच्या सोयीसाठीच. रेल्वे आली १८५९ मध्ये. तेव्हापासून समुद्राकडून रोमला जाणारा माणूस इथे उतरून गाडी पकडतो.

तर दादाने हिशेब केला होता तो असा: पाचला जहाज, साडेपाचला बाहेर, सहाची लोकल, साडेसातला तेर्मिनी, कॉफी, आणि साडेनऊची गाडी. विमानतळाची सवय असलेल्या माणसाचा हा हिशेब. विमान थांबलं की दहा मिनिटांत दार उघडतं. जहाजाचं तसं नसतं. ते धक्क्याला लागल्यावर बंदराच्या अधिकाऱ्यांची मंजुरी येते, मग हजारो बॅगा खाली उतरतात, त्या मोठ्या मांडवासारख्या हॉलमध्ये रंगांप्रमाणे लावल्या जातात, आणि मग त्या त्या रंगाच्या चिठ्ठ्यांची माणसं बोलावली जातात. धक्क्याला लागण्याची वेळ छापलेली असते. तुमचा रंग कधी पुकारला जाईल हे शेवटच्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर कळतं, आणि तेही अंदाजे.

लवकर सुटायचा एक मार्ग असतो: रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या नाहीत, सकाळी स्वतःच ओढत चालत उतरायचं. अशांना सर्वात आधी सोडतात. दोघं तरुण असतील आणि बॅगेला चाकं धड असतील तर हाच मार्ग घ्यावा. इथे पाच बॅगा, एक गुडघा, लिफ्टसमोर शेकडो माणसं. दादा म्हणाला, मी आणि बाबा पुढे उतरतो. म्हणजे घराचे दोन तुकडे, मधे परदेशातलं बंदर आणि आतोबांचा फोन, जो ते कायम सायलेंटवर ठेवतात. ते लगेच बाद केलं.

बंदर ते स्टेशन: इथेच सगळे फसतात

बंदराच्या आवारात पायी फिरता येत नाही. धक्क्यावरून फुकटची बस सुटते, ती लार्गो देल्ला पाचे नावाच्या ठिकाणी सोडते. तिथून रेल्वे स्टेशनला दुसरी बस, तिचं तिकीट वेगळं. पायी जाता येतं, पण वीसेक मिनिटं, बॅग ओढत, दगडी रस्त्यावरून. अंतर काहीच नाही, म्हणून कोणी धरत नाही. पण एकाच वेळी दोन-तीन जहाजं लागलेली असली की या दोन बसच्या रांगांत मिळून पाऊण तास सहज जातो. आणि मे महिन्यातल्या रविवारी तिथे एकच जहाज असणं कठीण.

स्टेशनवरून रोमला प्रादेशिक गाड्या दिवसभर असतात, तासाला एक-दोन. सांता मारिनेल्ला, लादिस्पोली करत त्या रोममध्ये शिरतात: सान पिएत्रो, त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से आणि शेवटी तेर्मिनी. सव्वा तासाच्या आसपास लागतं, तिकीट साधारण पाच युरो. जागा राखीव नाही, भाव आधी घेतला काय नि आयत्या वेळी घेतला काय तोच. म्हणून हे तिकीट पुण्यात बसून काढण्यात काही अर्थ नव्हता. दोन गोष्टी मात्र दादाला दोनदा सांगितल्या. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात छाप मारून घ्यायचा. मोबाइलवर असेल तर चढण्याआधी चेक-इनचं बटण दाबायचं. नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड. आपल्याकडे तिकीट काढलं की काम संपतं, तिथे ते तिकीट 'चालू' करावं लागतं.

आणि तेर्मिनीचा एक बारकावा. चिविताकडून येणाऱ्या गाड्या बहुधा २५ ते ३० यांपैकी एखाद्या फलाटावर लागतात, आणि हे फलाट स्टेशनच्या मुख्य भागापासून बरेच मागे आहेत. फ्रेच्चारोसा सुटते ती पुढच्या फलाटांवरून, तिथे तिकीट दाखवून आत सोडतात. मधलं चालणं बॅगांसकट दहा मिनिटांचं, आत्याबरोबर पंधरा. नकाशात हे सगळं एकच स्टेशन दिसतं. ओस्तिएन्सेला उतरून शेजारच्या पिरामिदेहून मेट्रोने तेर्मिनी गाठता येतं, चारच स्टेशनं आहेत; पण मेट्रोचे जिने आणि पाच बॅगा ही जोडी मला बघवत नव्हती.

मग रोमला जायचंच कशाला?

हा प्रश्न वहिनीने विचारला, आणि प्रश्न रास्त होता. नकाशात बघा: चिविता किनाऱ्यावर, फ्लोरेन्स उत्तरेला. रोमला जाणं म्हणजे आधी आग्नेयेला उलटं जायचं आणि मग वर चढायचं. किनाऱ्याने उत्तरेला पिसापर्यंत लाइन आहे. चिविताहून पिसा इंटरसिटीने दोन-सव्वादोन तास, पिसाहून फ्लोरेन्स प्रादेशिक गाडीने तासाभरात. कागदावर हे सरळ दिसतं.

पण कर्जतहून कसाऱ्याला जायचं तर कल्याणला यावंच लागतं, तसंच हे. सरळ रेषा महत्त्वाची नाही, गाड्या किती आहेत ते महत्त्वाचं. किनाऱ्याच्या लाइनवर चिविताला थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या थोड्या. एक हुकली की दोन-तीन तास तिथल्या बाकावर. रोमहून फ्लोरेन्सला मात्र त्रेनइतालिया या रेल्वे कंपनीच्या फ्रेच्चारोसा आणि २०१२ पासून स्पर्धेत उतरलेल्या इतालोच्या गाड्या मिळून दिवसभर रीघ लागलेली असते, आणि दीड तासाच्या जरा वर वेळ लागतो. उलटं जाऊनही पर्याय जास्त. ज्या प्रवासाची सुरुवातच तुमच्या हातात नाही तिथे मी नेहमी जास्त गाड्यांची वाट घेते. वहिनीला पटलं. आतोबांना अजूनही पटलेलं नाही.

पाच जणांची व्हॅन थेट फ्लोरेन्सपर्यंत, हाही विचार झाला. तीन-साडेतीन तास, काही शे युरो. तिचा नंबर मी लिहून ठेवायला सांगितला, पण वेगळ्या कारणासाठी. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करावे लागतात. संपाच्या दिवशीही प्रादेशिक गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालवण्याची हमी असते, पण ती कामाच्या दिवशी. रविवारी तीही नाही. आठवडाभर आधी संपाची यादी बघायची, त्यात आपला रविवार निघाला तर व्हॅन. निघाला नाही.

एकशे पाच युरोंचं भांडण

अडचण अशी होती की दुपार मोकळी नव्हती. वहिनी चित्रकलेची शिक्षिका. फ्लोरेन्सच्या उफिझी या चित्रसंग्रहालयात बोतिचेल्लीच्या चित्रातली व्हीनस समोरून बघायची, हे तिचं या सहलीतलं एकमेव मागणं. उफिझी सोमवारी बंद असतं. मंगळवारी सकाळी ही मंडळी निघणार. म्हणजे रविवार दुपार, दुसरा मुहूर्तच नाही. तिकीट वेळेचं असतं. तिने साडेतीनचं घेतलं होतं.

तेव्हा मी उलटीकडून मोजायला लागले. साडेतीनला उफिझी, म्हणजे दोनच्या आत फ्लोरेन्स, कारण हॉटेलात बॅगा टाकायच्या आणि आतोबांना जेवल्याशिवाय चित्रं दिसत नाहीत. म्हणजे तेर्मिनीहून सव्वाबाराच्या सुमाराची गाडी. चिविता स्टेशनवर साडेनऊला पोचलो आणि पावणेदहाची गाडी मिळाली, तर तेर्मिनी अकराला. मधे एक तास वीस मिनिटं मोकळी. ही मोकळीक कुठे ठेवायची हाच या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न होता. दादाने ती जहाज आणि बंदर यांच्यावर विश्वासाने सोडली होती. मला ती तेर्मिनीत हवी होती, बांधलेल्या तिकिटाच्या अगदी अलीकडे. त्याआधीच्या सगळ्या टप्प्यांना वेळेचं बंधनच नको, म्हणजे उशीर झाला तरी एक बस किंवा एक लोकल मागे पडते, तिकीट बुडत नाही.

आता दादाची एकवीस युरोंची तिकिटं. ती सुपर इकॉनॉमी: बदल नाही, परतावा नाही. इकॉनॉमीत गाडी सुटायच्या आत भाड्यातला फरक भरून गाडी बदलता येते, पैसे परत मिळत नाहीत. बेसमध्ये सुटायच्या आधी हवी तितक्यांदा बदल, आणि गाडी हुकलीच तर सुटल्यानंतर तासाभरात एकदा. बेस अर्थात महाग, त्या गाडीला माणशी पन्नासच्या वर.

"म्हणजे एकशे पाच युरो पाण्यात?" दादाचा आवाज चढला. "साडेनऊ हजार रुपये!"

"ते गेलेच आहेत. तू फक्त त्यांच्या मागे बाकीचा दिवस पाठवू नकोस."

फोन ठेवला त्याने. दोन दिवसांनी वहिनीचा मेसेज आला, सव्वाबाराची गाडी, पाच बेस तिकिटं. साडेनऊची तिकिटंही त्याने तशीच ठेवली होती, 'जमलंच तर' म्हणून. माझी एक चूक इथे कबूल करते. एवढी मोकळीक ठेवल्यावर बेसची गरज नव्हती, इकॉनॉमीत भागलं असतं. वेळ विकत घेतली आणि वर विमाही घेतला. दादाने हे मला नंतर रुपयांत ऐकवलं.

काही लोक विचारतात की लोकल आणि फ्रेच्चारोसा एकाच खरेदीत काढली तर? एकाच कंपनीच्या जोड-तिकिटावर पहिली गाडी उशिरा आली तर पुढच्या गाडीत बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते, हे खरं. पण आमची भीती लोकलची नव्हतीच. जहाजावरून उतरायला उशीर झाला किंवा बसची रांग लांबली, तर त्याच्याशी रेल्वेला काही देणंघेणं नसतं.

तेर्मिनीत वयस्कर आणि चालायला त्रास असणाऱ्यांसाठी 'साला ब्लू' नावाची मदत फुकट मिळते, आधी कळवावं लागतं. आत्याला विचारलं. "मी काय पांगळी आहे?" विषय संपला.

शेवटची रात्र

बहुतेक नुकसान इथेच होतं, म्हणून जरा थांबून सांगते. ज्या प्रवाशांना व्हिसा लागतो त्यांचे पासपोर्ट काही जहाजांवर चढतानाच काढून घेतात आणि शेवटच्या संध्याकाळी परत देतात. यांच्या जहाजावर तसंच होतं. परत घ्यायची रांग जेवणाच्या वेळेलाच लागते. दादा उभा राहिला. वाटेतली सगळी बंदरं शेंगेनमधली, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातली, त्यामुळे सकाळी इमिग्रेशनचा प्रश्न नव्हता. मधे ट्युनिशिया वगैरे असतं तर पुन्हा शेंगेनमध्ये शिरणं आलं, मग व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो आणि सकाळचा हिशेबही बदलतो.

मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या. त्या सकाळी जमिनीवरच भेटतात. तोवर अंगावर आणि हातात जे आहे तेवढंच तुमचं. मी यादी दिली होती: पासपोर्ट, औषधं, चार्जर, तिकिटं, सकाळचे कपडे. चपला-बूट लिहायचे राहिले. आतोबांनी शिस्तीत बूट पॉलिशच्या डबीसकट बॅगेत भरले आणि बॅग बाहेर ठेवून झोपले. सकाळी पायात सपाता.

रविवार

भाच्याकडे छोटी वही होती आणि नवं घड्याळ, त्यामुळे पुढचं सगळं मिनिटांनिशी उपलब्ध आहे.

५:१० ला जहाज थांबलं. सात वाजता नाश्ता. यांना पिवळ्या चिठ्ठ्या, वेळ सव्वाआठ. पुकारलं ८:३५ ला. दारातल्या यंत्रावर कार्ड टेकवून खाली उतरायला ८:५०. दादाची साडेनऊची गाडी एव्हाना मेलीच होती. रोम अजून ऐंशी किलोमीटर दूर आणि मंडळी बॅगांच्या हॉलच्या दारात.

पिवळ्या रांगेत चारच बॅगा. पाचवी, आतोबांची, हिरव्या रांगेत निघाली. सापडली ती भाच्याला, हँडलला बांधलेल्या लाल नाडीमुळे. ती नाडी आत्याने पुण्यात बांधली तेव्हा सगळे हसले होते. ९:१५. आतोबांनी तिथेच बॅग उघडून बूट काढायचं म्हटलं, तर आत्याने त्यांच्याकडे फक्त बघितलं. सपातांतच निघाले.

फुकट बसची रांग आणि बस, ९:३५. स्टेशनला जाणारी एक बस पूर्ण भरून गेली, तिच्या मागच्या बसमध्ये जागा, स्टेशन १०:००. धक्का ते स्टेशन चार तास पन्नास मिनिटं. मी साडेनऊ धरले होते, म्हणजे अर्ध्या तासाने मीही चुकले. पावणेदहाची गाडी गेलेली. यंत्रावर पाच तिकिटं, पाचही छाप भाच्याने मारले, आणि १०:२५ ची गाडी. खिडकीतून समुद्र दिसतो त्या बाजूला आत्याला बसवलं. तिच्या पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू इथे बाहेर निघाले.

तेर्मिनी ११:४०, फलाट मागचाच. आत्या अर्ध्यावर एका खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ती निळी मदत का काय, ती घ्यायला हवी होती." आतोबा सपाता घासत पुढे. ११:५५ ला गेटजवळ. एक तास वीस मिनिटांच्या मोकळिकीतली पंचवीस मिनिटं उरली होती. दादाने त्यात उभ्या उभ्या दोन कॉफ्या प्यायल्या आणि मला फोन केला नाही, यावरून मी समजले.

फ्लोरेन्सचं सांता मारिया नोवेल्ला स्टेशन, १३:५७. उफिझीत साडेतीनला पाचही जण. वहिनी व्हीनससमोर किती वेळ उभी होती ते वहीत नाही. भाचा तेव्हा बाकावर झोपला होता.

जे मला सुचायला हवं होतं

जहाज शनिवारी लिव्होर्नोला होतं. मंडळी तिथून पिसाला गेली, कलता मनोरा बघितला, मनोऱ्याला हात लावल्याचे फोटो काढले. परतताना पिसाच्या स्टेशनवरच्या फलकावर भाच्याला फ्लोरेन्सचं नाव दिसलं. त्याने विचारलं, किती लांब? तासभर. "मग आपण परत जहाजावर का जातोय?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी चार महिने चिविताच्या बसच्या रांगा मोजत बसले होते आणि शेवटून दुसरं बंदर फ्लोरेन्सच्या दारात आहे हे मला दिसलं नाही. एक बंदर आधी उतरता येतं, पण आयत्या वेळी नाही. क्रूझ कंपनीची लेखी परवानगी काही आठवडे आधी घ्यावी लागते, कारण प्रवाशांची यादी बंदरांना दिलेली असते. राहिलेल्या रात्रीचे पैसे परत मिळण्याची आशा धरू नये, बॅगा स्वतः उतरवाव्या लागतात आणि पासपोर्ट आधी मागून घ्यावा लागतो. वर फ्लोरेन्समध्ये मे महिन्यातल्या शनिवारची एक जादा रात्र. तेवढ्यात साडेनऊची तिकिटं, सव्वाबाराची तिकिटं, तेर्मिनीचे फलाट आणि पिवळी-हिरवी रांग हे सगळंच वाचलं असतं, आणि वहिनीला उफिझीसाठी अख्खा रविवार मिळाला असता. आतोबांचं मत वेगळं: शेवटच्या रात्रीचं जेवण सर्वांत चांगलं होतं.

भाच्याची वही मी मागून घेतली. शनिवारच्या पानावर लिहिलंय, 'पिसा. फ्लोरेन्स १ तास. परत जहाज.' खाली एक बाण, सरळ दक्षिणेकडे. रविवारच्या पानावर तोच बाण, आडवा होऊन रोमला, आणि मग पुन्हा वर.